हात न लावणारे म्हात्रे डॉक्टर

म्हात्रे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी फळ्याच्या खिळ्याला पायजमा टांगला. पांढरा, कडक इस्त्रीचा, नाडीसकट. आम्ही सगळे सायन्सचे पदवीधर, त्यात निम्म्याहून जास्त बायका. हसावं की खाली बघावं ते कोणाला कळेना.

"ही महाधमनी," ते म्हणाले. "हृदयातून निघते, छातीतून पोटात उतरते आणि बेंबीपाशी दोन पायांसाठी दुभंगते. ही नाडी आहे ना, बरोबर तिथून मूत्रपिंडांकडे रक्त जातं. आता सायकलच्या ट्यूबला येतो तसा या नळीला कधीकधी फुगा येतो. नाडीच्या खाली असेल तर बरा शिंपी तेवढा तुकडा कापून नवा जोडतो. नाडीच्या वर चढला असेल तर शिंप्याला घाम फुटतो, कारण शिवताना वरून रक्त बंद करावं लागतं आणि मूत्रपिंडं, आतडी सगळी उपाशी राहतात. तेव्हा ऑपरेशनचा कागद हातात आला की पहिला प्रश्न कोणता?"

त्यांनी फूटपट्टी पायजम्याच्या कमरेवर आपटली.

"नाडीच्या वर की खाली? आणि दुसरा, फुटलेला की न फुटलेला? एवढं कळलं तर पगार घ्या. नाही कळलं तर घरी जाऊन पोळ्या लाटा. पुरुषांनीसुद्धा."

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधले कारखाने एकेक करून बंद पडत होते आणि त्यांच्या शेडमध्ये काचा लावून, एसी बसवून नवे धंदे शिरत होते. आमचं ऑफिस त्यातलंच. अमेरिकेतल्या इस्पितळांचे कागद सॅटेलाइटवरून इथे यायचे. प्रत्येक रोगाला आणि प्रत्येक ऑपरेशनला एक ठरलेला आकडा असतो, तो आम्ही त्या कागदावर टाकायचा, आणि त्या आकड्यावरून तिकडची विमा कंपनी इस्पितळाला पैसे द्यायची. याला मेडिकल कोडिंग म्हणतात हे घरच्यांना समजावताना माझ्या नाकी नऊ आले. माझे सासरे शेवटपर्यंत शेजाऱ्यांना सांगत, आमची सून अमेरिकन दवाखान्यात आकडेमोड करते.

मी लग्नाआधी डोंबिवलीच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये होते. पोरं शाळेत जायला लागल्यावर ही नोकरी धरली. पोटातल्या महाधमनीचा फुगा न फुटलेला असेल तर चारशे एक्केचाळीस पॉइंट चार आणि फुटलेला असेल तर पॉइंट तीन, हे मला आजही झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. त्याचं श्रेय, आणि त्याबरोबर आलेला सगळा कडवटपणा, म्हात्रे डॉक्टरांचा.

डॉक्टर आम्हाला शिकवायचे आणि आमचे कागद तपासायचे. पन्नाशी ओलांडलेले, उंच, सावळे, पाठ ताठ. माणसाला नावाने हाक मारायची नाही ही त्यांची रीत. ज्याची जी पदवी तेच त्याचं नाव. मी प्राणिशास्त्र. माझ्या शेजारी बसायची ती वनस्पतीशास्त्र. मॅनेजर देवधर बी.कॉम. होते, त्यांना ते सगळ्यांदेखत "वाणिज्य" म्हणत. देवधर वरवर हसत आणि मनात जपून ठेवत.

जिभेला हाड नव्हतं. माझ्याकडून एकदा डाव्या-उजव्याची चूक झाली, तर भर हॉलमध्ये म्हणाले, "प्राणिशास्त्र, या माणसाचं चांगलं मूत्रपिंड तुम्ही काढलंत. त्याला निदान कळवा तरी." वनस्पतीशास्त्राने एकदा घाईत जिवंत माणसाला मयत दाखवलं, तर दिवसभर तिला विचारत होते, "बारावं कधी आहे? सुतक मलाही आहे का?" ती स्वच्छतागृहात जाऊन रडली. संध्याकाळी हे आपल्या डब्यातला लाडू तिच्या टेबलावर ठेवून गेले, तोही कागदाच्या पुडीत, बोटं लागू न देता.

बोटांचं सांगायलाच हवं. असे हात मी फार कमी पुरुषांचे पाहिलेत. लांब, निमुळती बोटं, कापलेली स्वच्छ नखं. डबा खायच्या आधी ते बेसिनपाशी बाह्या वर करून कोपरापर्यंत हात धुवायचे आणि मग दोन्ही हात वर धरून, कोपरांवरून पाणी टपकू देत उभे राहायचे. कँटीनचा माणूस टॉवेल घेऊन यायचा. एवढा सोहळा कशासाठी, तर पोळी-भाजीसाठी. एरवी हे हात पाठीमागे एकमेकांत अडकवलेले असत. कोणाशी हस्तांदोलन नाही, कोणाच्या पाठीवर थाप नाही. कागदसुद्धा पेन्सिलीच्या मागच्या रबराने उलटायचे.

फक्त विचारात असले की उजवा हात आपोआप टेबलाच्या ड्रॉवरकडे जायचा. ड्रॉवरच्या मुठीला काळा दोरा बांधलेला असे. त्या दोऱ्याच्या गाठी ते एका हाताने, न बघता, मारत बसत. सर्जन लोक मारतात तशा, पटापट. वर्षभरात त्या मुठीला गाठींचा अंगठ्याएवढा काळा गोळा जमला होता. ऑफिसात सगळ्यांनी तो पाहिलेला, पण त्यावर बोलायची कोणाची छाती नव्हती.

ते रोग्याला हात लावत नाहीत हे आम्हाला कळलं ते वनस्पतीशास्त्र चक्कर येऊन पडली तेव्हा. श्रावणातला उपास, वर एसीचा गारठा. धाडकन खुर्चीवरून खाली. सगळे ओरडले, "डॉक्टर, डॉक्टर!" डॉक्टर आले आणि दोन पावलांवर थांबले. हात पाठीमागे.

"पाय उशीवर घ्या. खिडकी उघडा. प्राणिशास्त्र, मनगट धरा. ठोके मोजा."

"सर, तुम्ही बघा ना."

"मी रोग्याला हात लावत नाही."

तिने डोळे उघडेपर्यंत ते तसेच उभे होते. कपाळावर घाम, आणि पाठीमागे एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट घट्ट धरलेलं. पाणी आणायला मी उठून त्यांच्या मागून गेले म्हणून मला दिसलं. मनगट पांढरं पडलं होतं.

कारण त्यांनी स्वतःच सांगितलं, तेही शिकवता शिकवता. कोडिंगमध्ये एक नियम आहे. कागदात जे लिहिलेलं नाही ते झालं नाही. सर्जनने मनात काय धरलं होतं, प्रत्यक्षात काय केलं असेल, याचा अंदाज करायचा नाही. शब्द आहे तर आकडा आहे. आमच्यातल्या एकाने वाद घातला की सर, कधीकधी उघड दिसतं की सर्जन लिहायला विसरलाय. डॉक्टर हसले. ते हसले की चेहरा आणखी कडू व्हायचा.

"हा नियम मला अमेरिकेने शिकवलेला नाही," ते म्हणाले. "मी ऐंशीच्या दशकात मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात होतो. आमचे एक मोठे साहेब होते. प्राथमिक शाळेतले एक मास्तर आले. फुगा नाडीच्या वर. साहेबांनी वर चिमटा लावला आणि शिवण लांबली. मी म्हटलं, सर, फार वेळ झाला. ते म्हणाले, म्हात्रे, चिमटा सांभाळ आणि तोंड मिट. मास्तरांची मूत्रपिंडं बंद पडली. गेले. साहेबांनी कागदात लिहिलं, चिमटा नाडीच्या खाली होता, खालच्या टोकाची शिवण गळली. खालचं टोक मी शिवलं होतं. चौकशी झाली. मी जे झालं ते सांगितलं. समितीवरचे एक वयस्क गृहस्थ मला फार मायेने म्हणाले, डॉक्टर, कागदात नाही ते झालं नाही. घ्या लिहून. नियम पहिला."

आम्ही लिहून घेतला. दुसरं काय करणार?

चौकशीच्याच दिवशी त्यांनी इस्पितळ सोडलं आणि शपथ घातली स्वतःला, की या हातांनी पुन्हा रोग्याला शिवायचं नाही. मग कुठे खाजगी कॉलेजात शरीरशास्त्र शिकव, कुठे विमा कंपनीचे कागद तपास, असं करत वागळे इस्टेटला पोचले. लग्न केलं नाही. माझं मत विचाराल तर यात अन्याय जेवढा होता तेवढाच माज होता. शिक्षा झाली कोणाला? मोठे साहेब मजेत होते. त्यांच्या नावाचा वॉर्ड होता. शिक्षा झाली त्या माणसांना, ज्यांच्या पोटावर हे हात पडायला हवे होते आणि पडले नाहीत. पण हे त्यांना तोंडावर कोण सांगणार? सांगणारा एक निघाला. तो त्यांचा सख्खा भाऊ होता.

त्यांचे थोरले भाऊ, जनादादा, एका दुपारी ऑफिसात आले. डोंबिवलीजवळच्या मानपाड्याच्या मागे गाव होतं त्यांचं, आगरी घर, पिढ्यान्‌पिढ्या भातशेती. डॉक्टर आमच्याशी चोख पुस्तकी मराठी बोलायचे, त्यामुळे ते तिकडचे आहेत हे कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं. दादा साठीच्या पुढचे, पांढरा सदरा, पायजमा, हातात पितळी डबा. डब्यात तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकट. काचेच्या केबिनीपर्यंत वास गेला आणि देवधरांनी नाकाला रुमाल लावला.

"बाल्या, जेवलास का?" दादांनी विचारलं. अमेरिकेच्या कागदांवर लाल रेघा मारणाऱ्या आमच्या डॉक्टरांचं नाव बाळ्या होतं हे ऐकून वनस्पतीशास्त्र फिस्सकन हसली.

दोघं जेवायला बसले. आम्ही शेजारच्याच टेबलावर. थोड्या वेळाने दादा म्हणाले, "बाल्या, मना पोटान कायतरी उरतंय बग. उताना झोपलो का वरची चादर पन हलतंय. तुजी वहिनी बोलतं, कालीज पोटान उतरलंय." आणि पोटात नक्की कुठे उडतंय ते दाखवायला त्यांनी सदरा वर करून तळहात पोटावर ठेवला. पायजम्याच्या नाडीच्या जरा वर.

आमच्या टेबलावरचे सगळे घास थांबले. आम्हाला एवढंच तर शिकवलं होतं. डॉक्टरांचा चेहरा मी पाहिला. त्यांना आमच्याही आधी कळलं होतं.

"पाठीत दुखतं?"

"कदी कदी."

"सोनोग्राफी करून घे. ठाण्यात होते. मी चिठ्ठी देतो. रिपोर्ट आण, मग बोलू."

"रिपोट कला? तू हायस ना. हात लाव, तुना कलंल."

"मी हात लावत नाही, दादा. तुला माहितीये."

"रोग्याला नाय लावत. मी काय रोगी हाव? मी तुजा भाऊ हाव."

डॉक्टरांनी दोन्ही हात टेबलाखाली नेले. मला राहवेना. मी उठून म्हटलं, "सर, हात तरी लावा."

"प्राणिशास्त्र, हात लावून अंदाज होतो. अंदाजावर मी बोलत नाही. कागद लागतो." आवाज नेहमीचाच, पण माझ्याकडे बघितलं नाही.

दादांनी सदरा खाली ओढला. डबा तसाच टेबलावर ठेवला आणि निघून गेले. चिठ्ठी घेतली नाही.

त्यानंतरचे दिवस आठवले की मला दोघांचाही राग येतो. डॉक्टरांनी सोनोग्राफीची वेळ ठरवली. दादा गेले नाहीत. पुन्हा ठरवली. पुन्हा नाहीत. फोन केला की वहिनी उचलायच्या आणि म्हणायच्या, ते झोपलेत. दिवसाढवळ्या झोपलेत. डॉक्टर मग दोऱ्याच्या गाठी मारत बसायचे. कागद तपासायला दिला की तासभर तोच कागद. शेवटी एका शनिवारी माझ्या टेबलापाशी येऊन, छताकडे बघत म्हणाले, "तुम्ही डोंबिवलीच्या ना? मानपाड्याच्या बाजूला कधी जाणं होतं?"

माझं कधी होत नव्हतं. पण रविवारी रिक्षा करून गेले. बंगला नवा होता, दोन मजली, अंगणात मात्र जुनं उखळ तसंच. एमआयडीसीचा वास दारापर्यंत येत होता. वहिनींनी पाणी दिलं. दादा ओट्यावर खाटेवर बसले होते. मी काही आडपडदा ठेवला नाही. म्हटलं, दादा, पोटातल्या मोठ्या नळीला फुगा आलाय, आम्हाला शिकवलंय ते हेच आहे. आज ऑपरेशन झालं तर माणूस वाचतो. फुटला तर दवाखान्यात पोचायलासुद्धा वेळ मिळत नाही. वहिनींनी तोंडाला पदर लावला.

दादा शांत होते. "मना कललं, ताई. तुमी बरा समजावलात. पन एक सांगा. रस्त्याकडची जमीन व्हती आमची. बापूस बोलला, नको इकू. मी इकली. कला? बाल्याला डाक्टर कराला. लोक बोलायचं, जनाने भाताचं शेत देऊन भावाचा हात घेतला. तो हात एकदा माज्या पोटावर ठेवाला त्याला काय झायलं?"

मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"तो येऊ दे. हात ठेवू दे. दुसऱ्या दिवशी तुमी सांगाल त्या मशीनखाली झोपतो," दादा म्हणाले. वहिनी मला रिक्षापर्यंत सोडायला आल्या आणि माझा दंड धरून म्हणाल्या, "त्याला पाठवा. कसा पन पाठवा."

सोमवारी मी शब्दन्‌शब्द डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "हट्ट आहे."

"कोणाचा?" मी विचारलं. त्यांनी रबराने समोरचा कागद उलटला, पण "प्राणिशास्त्र, मर्यादेत राहा" असं म्हणाले नाहीत. आठवडा गेला. मग आणखी एक. रोज सकाळी मी त्यांच्या तोंडाकडे बघायची आणि रोज कळायचं की गेलेले नाहीत.

आणि मग देवधरांचं ते प्रकरण झालं. तिकडच्या एका इस्पितळाकडून निरोप आला होता की कागदात "फुटण्याच्या बेतात" असं लिहिलेलं असेल तर फुटलेल्याचा आकडा टाका. फुटलेल्याला पैसे जास्त. देवधर हॉलच्या मध्यभागी उभे राहून हे सांगायला लागले. डॉक्टर म्हणाले, नियमात बसत नाही.

"अहो डॉक्टर, फुटायलाच आला होता ना? दोन दिवसांनी फुटलाच असता. मग काय फरक आहे? फुटलेला काय, फुटायला आलेला काय."

"फरक आहे, वाणिज्य," डॉक्टर ताडकन म्हणाले. "फुटायला आलेला आणि फुटलेला यांच्यामध्ये एक अख्खा माणूस मावतो."

दादा आले त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर जे जे होते ते सगळे डॉक्टरांकडे बघत होते. आपण काय बोललो ते त्यांनी ऐकलं असावं. त्यांचा हात ड्रॉवरकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला. मग त्यांनी बॅग उचलली आणि भर दुपारी, कोणाला न सांगता, निघून गेले.

पुढचं मला वहिनींनी सांगितलं. डॉक्टर घरी गेले, हौदावर कोपरापर्यंत हात धुतले, खाटेवर बसले आणि म्हणाले, "दादा, आडवा हो." दादा आडवे झाले. हात ठेवला. बराच वेळ ठेवला. दादा लहान पोरासारखे हसत होते. "कललं?" त्यांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "कललं." आपल्या बोलीत, कित्येक वर्षांनी. दोघांनी मिळून जेवण केलं.

दादा शब्दाला जागले. दुसऱ्याच दिवशी सोनोग्राफी झाली. फुगा मोठा होता, नाडीच्या वर चढलेला. असलं ऑपरेशन करू शकणारं माणूस आपल्या भागात एकच, ते म्हणजे मोठे साहेब. डॉक्टरांनी त्यांना फोन केला. तो फोन त्यांनी ऑफिसातूनच केला, उभं राहून. "सर, म्हात्रे बोलतोय," असं म्हणाले, कोण म्हात्रे ते दोनदा सांगितलं आणि मग बराच वेळ नुसतं "हो सर, हो सर." साहेबांनी त्यांना ओळखलंच नाही आधी. ओळख पटवून द्यावी लागली. ज्या माणसाच्या रागावर यांनी एवढी वर्षं काढली त्याच्या लक्षातही हे नव्हते. पण त्यांनी लगेच बोलावलं, हे कबूल करायला हवं. मंगळवारी भरती, बुधवारी ऑपरेशन. डॉक्टरांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "पॉइंट चार. न फुटलेला." एवढं आनंदी मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

मंगळवारी सकाळी गाडी निघाली. चालवायला वहिनींचा भाचा, शेजारी वहिनी, मागे दोघं भाऊ. शिळफाट्याला ट्रकांची रांग लागलेली. तिथे दादा म्हणाले, पाठीत कोणीतरी कोयता मारला. आणि पांढरे पडले. डॉक्टरांनी त्यांना सीटवर आडवं केलं, गुडघा टेकून वर ओणवे झाले आणि बरगड्यांच्या खाली मूठ रुतवून अंगाचा सगळा भार टाकला. वरून नळी दाबून धरली तर रक्त वाहायचं थोडं थांबतं. हेही त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं. कळव्याच्या पुलापर्यंत मूठ काढली नाही. वहिनी सांगत होत्या, मध्ये एकदा दादा शुद्धीवर आले आणि म्हणाले, "आता कला एवरा दाबतंस, बाल्या?" चिडून नाही म्हणाले. नुसतं विचारलं, आता कशाला. त्यानंतर बोलले नाहीत.

मुंबई लांबच राहिली. ठाण्यातल्याच एका इस्पितळात नेलं तोवर सगळं संपलं होतं. तिथल्या तरुण डॉक्टरने कानाला नळी लावली, वय विचारलं आणि मृत्यूचं कारण लिहिलं, हृदयविकाराचा झटका. सोनोग्राफीचा रिपोर्ट म्हात्रे डॉक्टरांच्या खिशात होता. बाहेर काढला असता तर कागद बदलला असता. याच एका गोष्टीसाठी त्यांनी इस्पितळ सोडलं होतं, हात सोडले होते, सगळं सोडलं होतं. वहिनींच्या भाच्याने सांगितलं, "काका, त्यांना सांगा ना काय झालं ते." डॉक्टर म्हणाले, "लिहू दे काय लिहायचं ते."

तेराव्यानंतर ते ऑफिसात आले ते फक्त सामान न्यायला. सामान असं काही नव्हतंच. त्यांनी ब्लेडने ड्रॉवरच्या मुठीवरचा दोऱ्याचा गोळा कापला. वर्षभराच्या गाठी, सहजी कापल्या जाईनात. बराच वेळ लागला आणि आम्ही सगळे कामात असल्याचं सोंग करत बसलो. गोळा कचऱ्याच्या डब्यात टाकला. पायजमा न्यायला विसरले. मी तो घडी करून पुढे केला तर म्हणाले, "राहू दे. शिकवायला लागेल." जाताना वनस्पतीशास्त्राला त्यांनी नावाने हाक मारली, "येतो, सुषमा." ती रडायला लागली. मला मात्र काहीच म्हणाले नाहीत. मानपाड्याला जाऊन आलेली मी एकटीच होते. माझ्याकडे त्यांना बघवलं नसेल.

त्यांच्यानंतर देवधरांनी दुसरा डॉक्टर आणला, तरुण, गोड बोलणारा. त्यानंतर आमच्याकडे फुटण्याच्या बेतात असलेले सगळे फुगे फुटले. दिवाळीला ऑफिसने मिठाई वाटली. मी खाल्ली नाही, पण नोकरीही सोडली नाही.

डॉक्टर मला पुन्हा दिसले ते काही वर्षांनी, टिटवाळ्याला. माझ्या नणंदेने तिथे नवीन बिल्डिंगमध्ये ब्लॉक घेतला होता. सासऱ्यांना घेऊन आम्ही राहायला गेलो आणि सासऱ्यांना खोकला लागला. नणंद म्हणाली, "खाली गाळ्यात एक डॉक्टर बसतात. चांगले आहेत, पण जरा वेगळेच आहेत बाई. काहीही झालं तरी पोट बघतात. सगळे त्यांना पोटाचे डॉक्टर म्हणतात."

गाळ्यात एक टेबल, एक बाक आणि तपासायची खाट. बाकावर बरीच माणसं. टेबलामागे म्हात्रे डॉक्टर. केस सगळे पांढरे झालेले. पाठ वाकलेली. मला बघून त्यांनी मान हलवली, जणू मी रोजच येते.

"प्राणिशास्त्र. कोण आजारी?"

सासऱ्यांना त्यांनी खाटेवर झोपवलं. बेसिनपाशी जाऊन कोपरापर्यंत हात धुतले. टॉवेलला हात पुसले आणि सासऱ्यांचा सदरा वर करून पायजम्याच्या नाडीच्या वर तळहात ठेवला. डोळे मिटले. बाकावरच्या लोकांना सवय असावी, कोणी चुळबूळ केली नाही. मला वाटलं, आता काढतील. आता काढतील. सासरे माझ्याकडे बघायला लागले. मग डॉक्टरांनी हात जरा खाली सरकवला आणि पुन्हा तेवढाच वेळ थांबले.

"ठीक आहे," ते म्हणाले आणि खोकल्याच्या गोळ्या पुडीत बांधून दिल्या. लिहिलं काहीच नाही. टेबलावर केसपेपर नव्हते, वही नव्हती, पेनसुद्धा नव्हतं.

"सर, काही लिहून ठेवत नाही?"

"नाही."

"वहिनी कशा आहेत?" मी विचारायला नको होतं.

"असतील बऱ्या. मला दारात उभं करत नाही." ते बेसिनकडे वळले. "बरोबर आहे तिचं."

बाहेर आल्यावर सासरे म्हणाले, "अगं, पण छाती तपासलीच नाही त्याने. मला खोकला झालाय." मी त्यांना चपला घालायला मदत करत होते. आत पुढचा नंबर एका मुलीचा लागला होता, पाच-सहा वर्षांची असेल. कान दुखतो म्हणून आई घेऊन आलेली, कानात कापूस. डॉक्टर हात धुऊन आले आणि तिला खाटेवर झोपवून तिच्या एवढ्याशा पोटावर तळहात ठेवला. मुलीला गुदगुल्या झाल्या. ती कान विसरून खिदळायला लागली, पाय झाडायला लागली, "काढा ना, काढा ना" म्हणायला लागली. डॉक्टरांचे डोळे मिटलेले होते. त्यांनी हात काढला नाही.